बिल हेली अँड हिज कॉमेट्स : अस्सल 'ग्रेटेस्ट हिट्स' कसा ओळखायचा, कसा ऐकायचा

रॉक अँड रोल ऐकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना बिल हेली अँड हिज कॉमेट्स या बँडचा एखादा 'ग्रेटेस्ट हिट्स' संग्रह सुचवला जातो, आणि ते योग्यच आहे. गाणी दोन-अडीच मिनिटांची, चाली पहिल्याच ऐकण्यात बसणाऱ्या, आणि १९५२ ते १९५८ या काळात हे संगीत कसे घडत गेले ते एका बैठकीत कळते. अडचण असते ती निवडीत. या नावाचे संग्रह ढिगाने मिळतात. मुखपृष्ठावर कपाळावर कुरळी बट असलेला तोच चेहरा, मागे त्याच गाण्यांची यादी, गायकही तोच. आतले ध्वनिमुद्रण मात्र मूळ गाण्यानंतर कैक वर्षांनी केलेले. नवा श्रोता ते ऐकतो, 'यात एवढे काय आहे?' म्हणतो आणि बँडच बाजूला ठेवतो. हे टाळायचे तर पैसे देण्याआधी पाच-दहा मिनिटांची तपासणी पुरते.

पायरी १ : कोणती रेकॉर्डिंग हवीत ते ठरवा

हेलीची कारकीर्द रेकॉर्ड कंपन्यांप्रमाणे वाटून घेतली की गोंधळ बराच मिटतो.

पहिला टप्पा फिलाडेल्फियाच्या हॉलिडे आणि एसेक्स या छोट्या कंपन्यांचा, १९५१ ते १९५३. सुरुवातीला बँडचे नाव सॅडलमेन होते आणि वळण कंट्री संगीताचे; कॉमेट्स हे नाव १९५२ मध्ये आले. 'रॉक द जॉइंट' (१९५२) आणि 'क्रेझी मॅन, क्रेझी' (१९५३) ही इथली दोन महत्त्वाची गाणी. दुसरे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत गेले. देशव्यापी यादीत आलेले पहिले रॉक अँड रोल गाणे म्हणून त्याचाच दाखला देतात.

दुसरा टप्पा डेक्काचा, १९५४ ते १९५९. 'हिट्स' म्हणतात ती जवळजवळ सगळी गाणी इथली. तुम्हाला हवीत ती हीच रेकॉर्डिंग.

त्यानंतर हेली १९६० मध्ये वॉर्नर ब्रदर्सकडे गेला आणि तिथल्या पहिल्याच एलपीसाठी (अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकडीसाठी) त्याने जुनी गाणी नव्याने गायली. पुढे मेक्सिकोतली ऑर्फेऑन, रूलेट, स्वीडनची सॉनेट अशा अनेक कंपन्यांसाठी बँडचे सर्वांत गाजलेले गाणे 'रॉक अराउंड द क्लॉक' पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. कारण सरळ आहे : मूळ टेपवर मालकी डेक्काची. नव्या कंपनीला ते गाणे विकायचे तर नव्याने गाऊन घेण्यावाचून मार्ग नव्हता. 'मूळ कलाकार' असे छापले तरी ते खोटे ठरत नाही, कारण गाणारा खरोखर हेलीच असतो. वादक मात्र बदललेले असतात, हॉल बदललेला असतो, आणि १९५४ चा तो आवाज पुन्हा उभा राहिलेला नसतो.

मेक्सिकोतल्या स्पॅनिश रेकॉर्डिंगना कमी लेखू नका. 'फ्लोरिडा ट्विस्ट' तिथे गाजलेले गाणे आहे आणि ते वेगळे ऐकण्यासारखे आहे. फक्त 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या नावाखाली ते हाती पडू नये.

आणखी एक गफलत. हेली १९८१ मध्ये वारला. त्याचे जुने साथीदार १९८७ पासून पुन्हा एकत्र वाजवू लागले आणि त्यांचीही रेकॉर्डिंग आहेत. नावात 'ओरिजिनल कॉमेट्स' असे काही दिसले तर त्यात हेलीचा आवाज नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी २ : मागची बाजू वाचा

पुढचे कव्हर विसरा. मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. 'री-रेकॉर्डेड', 'न्यू स्टिरिओ रेकॉर्डिंग', 'लाइव्ह' यांपैकी काही दिसले तर ठेवून द्या. डेक्का, एमसीए, गेफन किंवा युनिव्हर्सल यांपैकी नाव असेल तर मूळ टेप असण्याची शक्यता मोठी, कारण डेक्काचा अमेरिकी साठा पुढे एमसीएमार्फत युनिव्हर्सलकडे आला. इंग्लंडमधल्या जुन्या तबकड्यांवर हीच गाणी ब्रुन्सविक या लेबलवर आहेत, आणि एसेक्सची गाणी लंडन लेबलवर.

वर्तुळातल्या 'पी' या खुणेपुढचे वर्ष पाहाच, पण त्याच्यावर विसंबू नका. अनेकदा ते गाण्याचे नसते, संग्रह निघाला त्याचे असते. त्यापेक्षा प्रत्येक गाण्यापुढे ध्वनिमुद्रणाची तारीख दिली आहे का ते बघा. तारखा देणारा संपादक सहसा काळजी घेणाराच असतो.

अनोळखी लेबलचा संग्रह म्हणजे फसवणूकच असे नाही. युरोपात १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली रेकॉर्डिंग ध्वनिमुद्रणाच्या स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहेत, त्यामुळे तिथे कुणीही मूळ डेक्का गाणी काढू शकतो. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षे आहे. अशा संग्रहांत गाणी अस्सल असतात, पण मूळ टेप हाती नसल्याने ती तबकडीवरून किंवा दुसऱ्या सीडीवरून उतरवलेली असतात. तबकडीची खरखर सॉफ्टवेअरने अति घासून काढली की झांजांचा आवाज ओल्या कागदासारखा लागतो. तो दोष कान लगेच पकडतो.

दुकानात नावे आठवावीत म्हणून काही खुणा. 'रॉक अराउंड द क्लॉक' हा डेक्काचा डीएल ८२२५ क्रमांकाचा एलपी प्रत्यक्षात १२ गाण्यांचा हिट्स संग्रहच आहे, १९५४-५५ च्या सिंगल्सचा, म्हणजे सुट्या गाण्यांच्या तबकड्यांचा. त्यात 'सी यू लेटर, अ‍ॅलिगेटर' नाही, कारण ते डिसेंबर १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन पुढच्या वर्षी आले. १९६८ चा डेक्काचा 'ग्रेटेस्ट हिट्स' एलपी मूळ गाण्यांचा आहे, पण कृत्रिम स्टिरिओत (पायरी ४ पाहा). १९८५ ची एमसीएची 'फ्रॉम द ओरिजिनल मास्टर टेप्स' ही २० गाण्यांची सीडी नवख्यासाठी सर्वांत चांगली; जुनी मिळाली तर सोडू नका. बेअर फॅमिली या जर्मन कंपनीचा पाच सीडींचा डेक्का संच परिपूर्ण आहे, पण पहिल्या खरेदीसाठी तो फार मोठा होतो.

डेक्काच्या संग्रहात 'रॉक द जॉइंट' आणि 'क्रेझी मॅन, क्रेझी' शोधू नका. ती एसेक्सची असल्याने वेगळी मिळवावी लागतात. उलट सांगायचे तर, एखाद्या स्वस्त संग्रहात दोन्ही टप्प्यांतली गाणी शेजारी दिसली तर तो स्वामित्वमुक्त संग्रह किंवा नव्याने गायलेला संग्रह यांपैकी एक आहे. पुढची परीक्षा त्याच्यासाठीच.

पायरी ३ : एका गाण्यावर संग्रह पारखा

ते गाणे 'रॉक अराउंड द क्लॉक'. संग्रहात पुन्हा गायलेले काही असेल तर सहसा हेच असते, म्हणून इथूनच सुरुवात करा.

मूळ ध्वनिमुद्रण १२ एप्रिल १९५४ चे, न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपलमधले. हा उंच छताचा हॉल होता आणि डेक्का तो स्टुडिओ म्हणून वापरत असे; त्या आवाजातले नैसर्गिक घुमणे तिथले आहे. निर्माता मिल्ट गेबलर, ज्याने आधी गायक-सॅक्सोफोनवादक लुई जॉर्डनची गाणी केली होती. सत्राचा बहुतेक वेळ 'थर्टीन विमेन' या दुसऱ्याच गाण्यात गेला आणि हे गाणे उरलेल्या वेळात दोन टेकमध्ये उरकले. नेहमीच्या ड्रमवादकाऐवजी त्या दिवशी बिली गुसॅक बोलावलेला होता. गिटारवर डॅनी सेड्रोन, तोही बाहेरून आलेला. त्याला या कामाचे २१ डॉलर मिळाले आणि दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, जिन्यावरून पडून तो गेला. त्यामुळे त्याची गिटार नंतरच्या कोणत्याही आवृत्तीत असूच शकत नाही. ओळखण्याची सर्वांत पक्की खूण हीच.

आता घड्याळ लावून ऐका. सुरुवातीला ड्रमच्या कडेवर दोन कडक ठोके आणि लगेच तास मोजणारी प्रस्तावना, ८ बारची. त्यापुढे सगळे १२ बारचे आवर्तन : प्रत्येक बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. पहिले ४ बार मूळ स्वराच्या कॉर्डवर, २ मध्यमाच्या, २ परत मूळ, २ पंचमाच्या, २ मूळ. लय मिनिटाला साधारण १८० मात्रांची, म्हणून एक आवर्तन १६ सेकंदांत संपते. प्रस्तावना आणि दोन कडवी झाली की ४३-४४व्या सेकंदाच्या आसपास सेड्रोनचा सोलो सुरू होतो : एकाच स्वरावर झपाट्याने केलेले आघात, आणि शेवटी अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी वेगाने खाली उतरत येणारी तान. ती तान स्वच्छ, दातेरी आणि थोडी उद्दाम वाटली पाहिजे. मग आणखी दोन कडवी, त्यापुढे सॅक्सोफोन आणि गिटार मिळून वाजवतात तो ठेका, शेवटचे कडवे आणि समाप्ती. पाच कडवी, दोन वाद्यखंड. एकूण २ मिनिटे ८ ते १० सेकंद.

वेळ जुळली म्हणून निर्धास्त होऊ नका. पुन्हा गायलेल्या आवृत्तीतही रचना तीच असते. सोलो गुळगुळीत, संथ किंवा वेगळाच लागला, आवाज जास्त मोकळा आणि 'आधुनिक' वाटला, ड्रम पुढे आले, तर ते १९५४ चे नाही. 'हॅपी डेज' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या हंगामात वाजणारी आवृत्तीही मूळ नाही, १९७३ ची आहे. तीच कानात बसली असेल तर मूळ गाणे आधी थोडे कोरडे वाटेल. चार वेळा ऐका.

नमुना ३० सेकंदांचाच मिळत असेल आणि तो सुरुवातीचा असेल तर सोलो ऐकू येणार नाही. अशा वेळी बास ऐका. बँडचा बासवादक मार्शल लायटल उभ्या बासची तार ओढून सोडतो आणि पंजा फळीवर आपटतो. प्रत्येक ठोक्याबरोबर लाकडी 'टक' येते. बँडकडे सुरुवातीला ड्रमवादकच नव्हता, तालाचे निम्मे काम हा बासच करायचा. नंतरच्या आवृत्त्यांत ही 'टक' दबलेली असते.

पायरी ४ : मोनो की कृत्रिम स्टिरिओ?

१९५४-५५ ची ही गाणी मोनोत, म्हणजे एकाच वाहिनीत, मुद्रित झाली. साठच्या दशकात दुकानांत स्टिरिओचीच मागणी वाढली, तेव्हा कंपन्यांनी मोनो टेपला दोन वाहिन्यांत फोडले : एकीकडे खालचे स्वर, दुसरीकडे वरचे, मध्ये थोडा विलंब किंवा प्रतिध्वनी. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली एनहान्स्ड फॉर स्टिरिओ' असे लिहिलेले असते. गाणे अस्सल, पण त्याचा ठोसा गेलेला. हेडफोनवर गायक एका जागी स्थिर राहत नाही आणि बास एकाच कानात ओढल्यासारखा लागतो.

फाइल किंवा सीडी असेल तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही परीक्षा दोन मिनिटांत होते. गाणे उघडा. ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' निवडा. दोन ट्रॅक होतील. त्यांपैकी फक्त एक निवडून 'इन्व्हर्ट' हा इफेक्ट द्या आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही वाहिन्या सारख्या असतील तर एकमेकींना पुसून टाकतात. संपूर्ण शांतता आली तर खरा मोनो. नुसती खरखर उरली तर मोनोच, पण तबकडीवरून उतरवलेला. एमपी३ असेल तरी थोडा कचरा उरतो. पोकळ, प्रतिध्वनी येणारे गाणे उरले तर कृत्रिम स्टिरिओ. एखादे वाद्य स्पष्ट, आपल्या जागी ऐकू आले तर तो खरा स्टिरिओ, म्हणजे १९५४ च्या गाण्याच्या बाबतीत बहुधा पुन्हा गायलेली आवृत्ती. 'बहुधा' अशासाठी, की हल्ली सॉफ्टवेअरने जुन्या मोनोतून वाद्ये वेगळी काढून स्टिरिओ बनवतात. तिथे सोलोची परीक्षाच निर्णायक. आणि ही कसोटी १९५८ नंतरच्या डेक्का गाण्यांना लावू नका. त्यांतली काही खरोखर स्टिरिओत मुद्रित झालेली आहेत.

कृत्रिम स्टिरिओ एलपीच हाती असेल तर अ‍ॅम्प्लिफायरवरचे मोनो बटण दाबून बघा. फक्त खालचे-वरचे स्वर वाटलेले असतील तर गाणे बरेच सावरते. विलंब घातलेला असेल तर आवाज नळीतून आल्यासारखा होतो. मग एकच वाहिनी ऐकणे बरे.

पायरी ५ : जुनी तबकडी घेत असाल तर

मुंबईच्या चोर बाजारात किंवा जुन्या संग्रहातून तबकडी घेताना ती कव्हरबाहेर काढून तिरप्या उजेडात धरा. बारीक केसासारखे ओरखडे चालतात. नख फिरवल्यावर जाणवणारा ओरखडा सुई उडवतो. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा असतील तर ती खूप वाजवलेली आहे. घासलेल्या खाचा डोळ्यांना चकचकीत दिसू शकतात, पण हेलीने आवाज चढवला की फाटतात, आणि आतल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात सर्वांत जास्त. जुन्या प्लेअरच्या जड सुईने झालेले हे नुकसान धुऊन जात नाही.

कोकणपट्टीतल्या दमट हवेत आतल्या कागदी पाकिटावरून तबकडीवर पांढरट बुरशी चढते. ती बहुतेक वेळा धुतली जाते. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बिनवासाच्या भांडी घासायच्या द्रावणाचे २-३ थेंब टाका, लेबल कोरडे ठेवा, मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा आणि उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. बोअरचे पाणी वापरू नका; क्षार खाचांत बसून नवी खरखर देतात. जुने पाकीट फेकून नवे वापरा, नाहीतर महिन्याभरात बुरशी परत येते. तबकड्या उभ्याच ठेवा.

७८ वेगाच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या लाखेच्या असू शकतात. त्यांना अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. त्यांची खाच रुंद असते, सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई लागते, एलपीची ०.७ मिलची सुई त्यांत तळाला घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुई बिघडते. 'रॉक अराउंड द क्लॉक'ची अमेरिकी ७८ तबकडी डेक्का २९१२४, ४५ वेगाची ९-२९१२४. अमेरिकी ४५च्या मोठ्या भोकासाठी अ‍ॅडॉप्टर लागतो.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पत्रकाप्रमाणे ठेवा, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ईसाठी २ ग्रॅम. रेकॉर्डची काळजी म्हणून दाब कमी करणे उलटे पडते : हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ओरबाडते. मोनो तबकडी स्टिरिओ कार्ट्रिजवर वाजवताना मोनो बटण दाबा. वर-खाली हलण्यातून येणारी खरखर बरीच कमी होते.

पायरी ६ : ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने ऐका

संग्रहातला क्रम विक्रीसाठी लावलेला असतो. तो मोडा. 'रॉक द जॉइंट' आधी ऐका आणि लगेच 'रॉक अराउंड द क्लॉक'. सेड्रोनने १९५२ चाच सोलो १९५४ मध्ये जवळजवळ जसाच्या तसा वाजवला आहे, हे कानाला कळल्यावर ते दुसरे गाणे कुठून आले त्याचे उत्तर मिळते. पुढे ७ जून १९५४ चे 'शेक, रॅटल अँड रोल'. याच्याआधी ब्लूज गायक बिग जो टर्नरचे मूळ गाणे ऐकलेच पाहिजे. टर्नरचे संथ, भारदस्त आणि मोकळ्या भाषेतले. हेलीचे सौम्य शब्दांचे, धावते, बँडने मागून आरोळ्या दिलेले. काळ्या संगीतकारांकडून आलेले हे संगीत गोऱ्या श्रोत्यांपर्यंत कसे पोहोचवले गेले ते या दोन गाण्यांत समोरासमोर ऐकू येते. 'सी यू लेटर, अ‍ॅलिगेटर'ही मुळात गायक-गीतकार बॉबी चार्ल्सचे.

१९५५ च्या सप्टेंबरमध्ये लायटल, सॅक्सोफोनवादक जोई अँब्रोज आणि ड्रमवादक डिक रिचर्ड्स बाहेर पडले. त्यानंतरचा सॅक्सोफोन रूडी पॉंपिलीचा. 'रूडीज रॉक' (१९५६) त्याच्यासाठी ऐका. गिटारवर तेव्हा फ्रॅनी बीचर, जो आधी जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनकडे वाजवत असे; त्याची जॅझची सफाई सेड्रोनच्या धारेपेक्षा वेगळी लागते. 'स्किनी मिनी' (१९५८) पर्यंत आलात की डेक्काचा मुख्य पल्ला पूर्ण झाला.

मग सी. रामचंद्रांचे 'ईना मीना डीका' लावा, 'आशा' (१९५७) मधले, किशोर कुमार आणि आशा भोसले अशा दोन्ही आवृत्त्यांत. आपल्या पुणतांब्याच्या संगीतकाराने हा ठेका किती लवकर आणि किती मोकळेपणाने आपलासा केला, ते हेलीनंतर लगेच ऐकल्यावर जास्त स्पष्ट होते.

मनासारखा संग्रह मिळाला नाही तर स्वतःच यादी बांधा : एसेक्सची दोन, एप्रिल १९५४ ची दोन, 'शेक, रॅटल अँड रोल', 'डिम, डिम द लाइट्स', 'मॅम्बो रॉक', 'बर्थ ऑफ द बूगी', 'रॅझल-डॅझल', 'बर्न दॅट कँडल', 'रॉक-अ-बीटिन बूगी', 'अ‍ॅलिगेटर', 'आर-ओ-सी-के', 'द सेंट्स रॉक अँड रोल', 'रूडीज रॉक', 'रिप इट अप', 'डोन्ट नॉक द रॉक', 'स्किनी मिनी'. पाऊण तासाच्या आसपास संपते. गाणी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतल्यामुळे आवाजाची पातळी खाली-वर होते. फाइलमध्ये बदल न करता प्लेअरमधली रिप्लेगेन ही आवाजाची पातळी सारखी करणारी सोय 'ट्रॅक'वर ठेवा. फाइलच्या नावात गाण्याआधी वर्ष आणि लेबल घाला, '१९५४ डेक्का' असे, म्हणजे पुढे एखादी वॉर्नरची आवृत्ती चुकून यादीत शिरली तर नावावरूनच सापडते.